कानिसनं नाकारलेला रस्ता

आमच्या गोलो नारा गावात कुणाला उठता येईना इतकं दुखणं आलं, की घरची माणसं आधी बांबू शोधायची आणि मग कानिसला हाक मारायची. जाड लुंगी दोन्ही टोकांनी बांबूला बांधायची, तिच्या झोळीत आजाऱ्याला निजवायचं आणि दरीत उतरून, नदी ओलांडून, समोरच्या डोंगरावरच्या लांदो गावापर्यंत खांद्यावर न्यायचं. लांदोत नंतर रस्ता झाला. मग तिथून ट्रकनं पुढे दवाखान्यापर्यंत, त्याआधी तीही वाट खांद्यावरच. बांबूचं पुढचं टोक कायम कानिसच्या खांद्यावर, कारण उतारावर सगळं ओझं पुढच्या माणसावर येतं. त्याच्या उजव्या खांद्याला घट्टा पडला होता, नांगराच्या रेड्याच्या मानेला पडतो तसा. मागचे बदलायचे, तो बदलायचा नाही. "दादा, आता मी घेतो," असं कुणी म्हटलंच तर तो नुसती मान हलवायचा.

मी त्याच्या समोरच्या घरातली. मधे फक्त अंगण आणि पूर्वजांचा दगडी ओटा. त्याची बायको साबिना माझी मैत्रीण होती, तेव्हा यातलं बरंचसं मी पाहिलेलं आहे आणि उरलेलं तिच्या तोंडून ऐकलेलं.

कानिसियुस जेलातू हे त्याचं पूर्ण नाव. गावची जमीन वाटून द्यायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. आमची सामाईक शेतं गोल असतात. मधोमध लाकडी खुंटा, आणि तिथून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा निघून कडेपर्यंत जातात. खुंट्यापाशी बोटं लावून मोजायचं. कुणाला एक बोट, कुणाला दोन. तेच बोट कडेला पोचेपर्यंत अख्ख्या घराला वर्षभर पुरेल एवढं भातशेत होतं. कानिसची बोटं नीट चालायची. त्याच्या वाटणीवरून गावात कधी भांडण झालं नाही, आणि याचा त्याला अभिमान होता. थोडा जास्तच होता म्हटलं तरी चालेल.

तरुणपणी तो चाबकाच्या खेळात उतरायचा. सणाला दोन गावं समोरासमोर येतात, एकानं चाबूक मारायचा, दुसऱ्यानं ढालीवर झेलायचा. लांदोतल्या अशाच एका खेळात त्याच्या भुवईवर फटका बसला, रक्त गळायला लागलं, आणि हा गडी हरल्यावरही गाणं म्हणत नाचत राहिला. साबिनानं त्याला तिथं पाहिला. "मार खाऊन हसणारा नवरा बरा, मारणारा नको," असं तिनं भावाला, बोनेफासला सांगितलं. बोनेफास कुरकुरला, पण शेवटी त्यानंच तिला दरी उतरवून आमच्याकडे आणून घातली.

रस्त्याचे लोक आले तेव्हा साबिनाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण मूल नव्हतं. जिल्ह्याचा एक साहेब आणि त्याच्याबरोबर एक तरुण इंजिनिअर. बूट चिखलानं भरलेले, तोंड उन्हानं लाल. आम्ही त्यांना कोंबडा दिला, ताडी दिली आणि ढोलाच्या घरात, जिथं गावाची बैठक भरते, चटईवर बसवलं. सगळा गाव आत गोळा झाला होता. इंजिनिअरनं नकाशा पसरला आणि त्यावर पेन्सिलीनं एक रेघ दाखवली. ती रेघ आमच्या सगळ्यात मोठ्या गोल शेताच्या बरोबर मधून जात होती.

"खालून न्या की," कानिस म्हणाला.

"एमा, खालची माती भुसभुशीत आहे. पहिल्याच पावसात डोंगर रस्त्यावर येईल." कानिस काही म्हातारा नव्हता, पण मान द्यायचा म्हणून तो पोरगा त्याला एमा म्हणत होता, बापाला म्हणतात तसं.

"मग वरून न्या."

"वर नुसता कातळ आहे. इथून नाही जमलं तर मग समोरच्या लांदोच्या अंगानं न्यावा लागेल."

कानिस उठून उभा राहिला. तो बोलायला लागला की छान बोलायचा. "हा खुंटा माझ्या पणज्यानं रोवलाय. इथून बोटानं मोजलेला भात इथल्या प्रत्येकाच्या पानात पडतो. आता त्याच्यावरून तुमची चाकं जाणार? मग उद्या वाटणी कुठून मोजू, ट्रकच्या टायरापासून?"

लोकांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं. ट्रक कसला असतो ते आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊकही नव्हतं, शेत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

साबिना कॉफीची किटली घेऊन पुरुषांच्या मागून फिरत होती. ती सहज म्हणाली, "खुंटा हलवता येतो. डुक्कर कापायचं, पूर्वजांना सांगायचं आणि दुसरीकडे रोवायचा. आमच्याकडे दरड आली तेव्हा हलवलाच होता की."

कानिसनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. इंजिनिअरला म्हणाला, "ही बघा साहेब, लांदोची कोंबडी. आमच्या अंगणात येऊन आरवायला लागली."

सगळं ढोलाचं घर हसलं. इंजिनिअरही हसला. साबिनाही हसली, उरलेल्या कपांत कॉफी ओतली आणि बाहेर आली. मी बाहेर चुलीवर मक्याची कणसं भाजत होते. ती माझ्याशेजारी बसून कणसं उलटी-सुलटी करायला लागली. नुकतीच उलटलेलीही परत उलटत होती. मी म्हटलं, "अगं, पुरुषांचं बोलणं ते." ती म्हणाली, "हो तर."

रस्ता लांदोला गेला. दोनेक वर्षांत झाला. दगड फोडल्याचे आवाज दरी ओलांडून आमच्याकडे यायचे आणि शेवटी एक दिवस ट्रकचा भोंगाही ऐकू आला. आमची पोरं कड्याशी धावत गेली. समोरच्या डोंगरावर लाल मुंगीएवढा ट्रक चढत होता.

त्यानंतर लांदोत पत्र्याची घरं झाली. त्यांची कॉफी थेट दारातून बाजारात जायला लागली, आमची पाठीवरून दरी उतरून नदी ओलांडून जायची आणि पोचेपर्यंत कधी कधी भिजून जायची. लग्नाकार्याला आम्ही लांदोत गेलो की बोनेफास मुद्दाम दारात उभा राहायचा. मुलीकडचा माणूस, त्याला बोलायचा हक्कच.

"या दाजी! चालत आलात? अरे हो, विसरलोच. तुमच्याकडे खुंटा आहे, गाडी नाही."

"खुंटा जागचा हलत नाही," कानिस म्हणायचा. "तुमचा ट्रक तर महिन्यातून पंधरा दिवस चिखलात बसलेला असतो."

दोघं हसायचे आणि एकाच बांबूतून ताडी प्यायचे. साबिना मधे कधी बोलली नाही. त्या दिवसाबद्दल घरातही तिनं त्याला एक शब्द बोलून दाखवला नाही, हे मला पक्कं माहीत आहे, कारण दाखवला असता तर मला सांगितलं असतं.

मग उशिरा का होईना, तिला मुलगी झाली. एल्फ्रिदा, आमची फ्रिदा. कानिस तिला खांद्यावर घेऊन शेतभर फिरायचा.

आजारी माणसं मात्र पूर्वीसारखीच झोळीतून जात होती. काही बरी होऊन स्वतःच्या पायांनी परत आली, काही वाटेतच गेली. एक म्हातारा चढावर गेला. एका बाळंतिणीचं मूल नदीच्या काठी गेलं. प्रत्येक वेळी लोक म्हणायचे, त्याची वेळ भरली होती. कानिस परत आला की ओट्याच्या दगडावर बसून खांदा चोळत राहायचा. एकदा त्यानं साबिनाला विचारलं, "जाऊन बघू का गं कचेरीत? इकडं एखादा फाटा देतात का?"

"बघा की."

"खुंट्याचं काय मग?"

"ते तुम्हाला ठाऊक. मी काय सांगणार?"

"कापणी झाली की जातो," तो म्हणाला. ही गोष्ट साबिनानं मला सांगितली तेव्हा ती खूश होती. कापणी झाली. मग कॉफी तोडायचे दिवस आले, मग छपराचं गवत बदलायचं काम निघालं. कानिस गेला नाही. पुढच्या वर्षीही नाही. गेलो तर आपण चुकलो असं कबूल करावं लागेल, एवढंच त्याला आडवं येत होतं. हे त्यानंच मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

फ्रिदा बारा-तेरा वर्षांची असताना भर पावसाळ्यात साबिनाच्या पोटात दुखायला लागलं. पहिल्या दिवशी तिनं हळदीचं पाणी पिऊन काम केलं. दुसऱ्या दिवशी ती वाकून चालायला लागली आणि अंग तापलं. तिसऱ्या दिवशी उजाडताच कानिसनं स्वतः बांबू तोडून आणला. मीही बरोबर निघाले. पाऊस थांबला होता, पण वाट म्हणजे नुसता साबण. साबिना झोळीतून म्हणाली, "सावकाश हो फ्रिदाच्या बापा, मी काय कॉफीचं पोतं नाही."

"पोतं बरं. पोतं बोलत नाही," कानिस म्हणाला. तेवढीच एक गंमत त्या वाटेवर झाली.

नदीशी पोचलो आणि झोळी खाली ठेवली. वर डोंगरात रात्रभर पाऊस झाला असणार. ज्या दगडांवरून आम्ही ओलांडतो ते दिसतच नव्हते. पाणी तपकिरी झालेलं, मोठमोठे ओंडके घेऊन चाललेलं. निरोप आदल्या संध्याकाळीच, पूर यायच्या आधी, पोचला होता, त्यामुळे पलीकडच्या काठावर बोनेफास लांदोची चार माणसं घेऊन उभा होता. त्यांच्यामागे चढावर, रस्ता जिथं वळतो तिथं, ट्रक उभा होता. दिसत होता. ड्रायव्हर बाहेर टपावर बसून आमच्याकडेच बघत होता.

बोनेफास हातांचा कर्णा करून ओरडत होता, पण पाण्याच्या आवाजात काही कळत नव्हतं. कानिस कमरेला दोर बांधून दोनदा उतरला. पहिल्यांदा पाण्यानं त्याला परत काठावर फेकला. दुसऱ्यांदा तो मधल्या खडकापर्यंत पोचला, तिथं त्याला ओंडका लागला आणि आम्ही दोरानं ओढून घेतला. त्याच्या छातीतून रक्त येत होतं. तो तिसऱ्यांदा निघाला तेव्हा माणसांनी त्याला धरून ठेवला.

"दादा, तू गेलास तर तिला कोण नेणार?"

"मी नाही गेलो तर कुठं नेणार आहे मी तिला?"

आम्ही केळीची पानं तोडून तिच्यावर छप्पर केलं आणि पाणी उतरायची वाट बघत बसलो. दुपारी ती म्हणाली, "मला उठवा थोडं. दादा दिसतो का बघू दे." कानिसनं तिला पाठीशी धरून बसवलं. तिनं पलीकडे हात केला. बोनेफासनं दोन्ही हात वर केले आणि मग तो काठावर खालीच बसला.

ती कानिसला म्हणाली, "फ्रिदाला पलीकडे ठेवा. शाळेला. आणि लग्न करायचं झालं तर रस्ता असेल अशा गावात द्या."

"तूच दे तिला. बरी हो आणि दे."

"मी सांगतेय ते ऐका."

"ऐकलं, एनू," तो म्हणाला. लाडाच्या बायकोला, लेकीला आम्ही एनू म्हणतो. मी त्याच्या तोंडून तिच्यासाठी तो शब्द फार वर्षांनी ऐकला.

ऊन कलताना पाणी उतरायला लागलं. मधला खडक वर आला. माणसं उठून झोळी बांधायला लागली, तेव्हा साबिना गेलेली होती. कानिसच्या मांडीवरच होती, त्यामुळे त्याला आमच्या आधी कळलं होतं. त्यानं सांगितलं नव्हतं.

दफनाला बोनेफास आला. आमच्यात बायको मेली की तिच्या माहेरच्यांना जाब विचारायचा अधिकार असतो. कानिस त्याच्यासमोर मान खाली घालून बसला होता. त्याला शिव्या हव्या होत्या, हे बघणाऱ्याला कळत होतं. बोनेफासनं बहिणीच्या अंगावर नवं काळं नक्षीचं कापड घातलं आणि तो कानिसच्या शेजारी येऊन बसला.

"बोल ना काहीतरी," कानिस म्हणाला.

"काय बोलू दाजी? पूर होता."

"पूर होता!" कानिस एवढं मोठ्यानं ओरडला की बायका रडायच्या थांबल्या. "रस्ता आमच्या बाजूनं आला असता तर नदी कशाला लागली असती?"

गावातले लोक म्हणाले, असं मनात आणू नकोस, आपण सगळ्यांनीच माना डोलावल्या होत्या. ते खरंच होतं, पण त्यानं कानिसला काही उपयोग नव्हता. "तुम्ही माना डोलावल्यात," तो म्हणाला. "ती एकटी वेगळं बोलली, तर तिला मी कोंबडी म्हटलं."

पाऊस सरला तसं त्यानं गावाला गोल शेतावर बोलावलं. डुक्कर त्याच्या घरचं होतं. पूर्वजांना उद्देशून जे बोलायचं ते तो बोलला, आवाज न चढवता, आणि त्यानं स्वतःच्या हातानं खुंटा उपटला. शेताच्या वरच्या अंगाला, कातळाजवळ, नवीन खड्डा खणून तो तिथं रोवला. मग बोटं लावून नव्यानं वाटणी केली. कुणाचं शेत थोडं वाकडं झालं, कुणाचं थोडं लांबलं, पण कुणी कमी-जास्त म्हणालं नाही. मधली पट्टी त्यानं रस्त्यासाठी मोकळी सोडली. सगळं आटपलं तेव्हा सूर्य डोक्यावरही आला नव्हता. बायकांचा भात अजून शिजत होता.

कानिस नव्या खुंट्यापाशी उभा होता. मी पाणी घेऊन गेले. तो म्हणाला, "झालं?"

"झालं की."

"एवढंच होतं?" असं म्हणून तो मटकन खाली बसला आणि मुलासारखा रडायला लागला. साबिनाच्या दफनात तो रडला नव्हता.

त्यानंतर तो कचेरीत गेला. एकदा नाही, पुष्कळदा. लांदोपर्यंत चालत, पुढे ट्रकनं. तिथली माणसं त्याच्याशी नीट बोलली, कॉफीही दिली. पण त्या भागातला रस्ता झालेला होता आणि एका दरीच्या दोन्ही बाजूंना रस्ते कोण बांधणार? "एमा, तेव्हा आम्ही आलो होतो ना तुमच्याकडे," असं एकजण म्हणाला. तो चेष्टेनं म्हणाला नव्हता, पण कानिस त्या दिवशी लांदोत न थांबता तसाच चालत घरी आला.

फ्रिदाला त्यानं बोनेफासकडे शाळेला ठेवलं. तिला सोडून येताना तो तिच्या कपड्यांचं गाठोडं तिथं ठेवायला विसरला आणि तसंच परत घेऊन आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. सुरुवातीला ती दर सुट्टीला यायची, मग एक आड एक. मोठी झाल्यावर तिचं लग्न लांदोच्याही पुढे, मोठ्या रस्त्यावरच्या गावात झालं. साबिनाच्या इच्छेप्रमाणे सगळं झालं, आणि कानिसच्या घरात चूल एकाच माणसासाठी पेटायला लागली. मी भाजी द्यायचे, तर तो म्हणायचा, "नको गं, उरतं." तरी झोळी न्यायची वेळ आली की पुढचं टोक त्याचंच. खांदा पार उतरला तेव्हाच थांबला.

शेवटी नदीवर पूल झाला आणि लांदोहून आमच्याकडे मोटारसायकल जाईल एवढी सिमेंटची वाट आली. ती आमच्या गोल शेताला न लागता खालच्या ओढ्याच्या कडेनं वळून आली. आता माती धरून ठेवायला भिंती बांधतात म्हणे. पूल उघडायच्या दिवशी ढोल वाजले, चाबकाचा खेळ झाला. कानिस घराबाहेर पडला नाही.

दुपारी फ्रिदा नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून आली, कडेवर मूल. मी तेव्हा तिथंच होते, शेंगा सोलत. ती बापाला म्हणाली, "सगळा गाव तिकडं आहे आणि तुम्ही इथं का? आईनं पाहिलं असतं तर तुम्हाला ओढत नेलं असतं."

"तुझ्या आईला तोंड दाखवायला जागा ठेवलीय का मी?"

"परत तेच? बाबा, आईला काही वाटलं नव्हतं त्याचं. ती मला ती कोंबडीची गोष्ट हसून हसून सांगायची. मी लहान असताना कितीदा तरी सांगितलीय. साहेबाचे बूट, तुमचा आवाज, सगळ्याची नक्कल करून."

कानिसनं हातातली शेंग खाली ठेवली. "कितीदा तरी?"

"हो. मी पोट धरून हसायचे."

"म्हणजे विसरली नव्हती," तो म्हणाला.

फ्रिदानं माझ्याकडे पाहिलं. मी शेंगा सोलत राहिले. तिनं मूल आजोबाच्या मांडीवर दिलं आणि ती चहा टाकायला आत गेली. मूल त्याच्या भुवईवरच्या जुन्या व्रणाला बोट लावत होतं आणि तो लावू देत होता.

तिनं त्याला आपल्याकडे राहायला नेलं. पावसाळाभर राहिला. तिथं घरासमोरून गाड्या जायच्या. तो दिवसभर ओसरीत बसून बघायचा, असं फ्रिदा सांगते. जावई भला माणूस, म्हणाला, "एमा, कायमचेच राहा." पण पाऊस संपताच तो परत आला. मी विचारलं, "करमलं नाही का दादा?" तर म्हणाला, "करमलं की. तेच बरं वाटेना."

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. आजार असा मोठा नव्हता, ताप आला आणि तीनचार दिवसांत उतरला तो त्यालाच घेऊन. फ्रिदाच्या नवऱ्यानं मोटारसायकल दारात लावली होती, दवाखान्यात चला म्हणून विनवत होता. कानिस म्हणाला, "तुझी गाडी दुसऱ्या कुणाला लागेल. राहू दे." आम्ही रागावलो, फ्रिदा रडली, पण तो उठला नाही. त्याला साबिनाशेजारी पुरलं. बोनेफास काठी टेकत नव्या वाटेनं चालत आला, कुणाच्या गाडीवर बसला नाही.

शेतातली ती मोकळी पट्टी अजून तशीच आहे. कानिसच्या जागी आता त्याचा पुतण्या वाटणी करतो. ती पट्टी परत शेतात घ्यायची की नाही, यावर दर पेरणीला बोलणं निघतं. यंदाही निघालं. कुणी ठाम काही बोललं नाही आणि तिथं गवत माजलंय.